वय बरोबर, खडक चुकीचा: पुण्याच्या टेकड्यांत डायनोसॉर का सापडत नाहीत

प्रश्न (कोथरूडहून, थोडक्यात): मुलगा नववीत आहे. वेताळ टेकडीवरून त्याने एक गोल दगड आणलाय. त्यावर कवचासारखे थर आहेत, त्यामुळे हे डायनोसॉरचं अंडं आहे असा त्याचा हट्ट आहे. दख्खनचा कातळ डायनोसॉरच्याच काळातला असं शाळेत शिकवलंय, मग आपल्या टेकड्यांत त्यांचे जीवाश्म का नसावेत, हा त्याचा प्रश्न. महाराष्ट्रात ते नेमके कुठे आहेत? आणि आम्हाला जाऊन बघता येतील का?

उत्तर:

अंडं नाही. फोटो न बघता हे ठामपणे सांगतेय, कारण आमच्या कामात दगड कसा दिसतो हे नंतर विचारतात, तो कुठून उचलला हे आधी. वेताळ टेकडी म्हटलं की अंड्याचा विषय तिथेच मिटतो. पण तुमच्या मुलाचा तर्क मात्र हसण्यावारी नेऊ नका. काळाचा हिशोब त्याने अगदी बरोबर लावलाय. त्याची गाडी अडलीय ती खडकाच्या जातीवर.

आधी काळाचं बघू. दख्खनचा बहुतेक लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला. उद्रेक सुरू झाले तेव्हा डायनोसॉर जिवंत होते, संपले तेव्हा नव्हते. इतका नेमका योग जगात फार थोड्या ठिकाणी आहे. आजही हा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पुणे त्याच्या पार आत आहे. सिंहगड चढताना पायथ्यापासून कल्याण दरवाजापर्यंत तुम्ही एकावर एक रचलेले लाव्ह्याचे थरच चढत असता. मध्ये दुसरं काही येतच नाही.

अडचण इथेच आहे. हाड टिकायचं तर जनावर मेल्यावर ते लवकर चिखलात, वाळूत, तळ्याच्या गाळात पुरलं जावं लागतं. मग त्या गाळातून झिरपणारं पाणी हाडाच्या पोकळ्यांत खनिजं भरत जातं आणि गाळाचा खडक होताना हाडाचाही दगड होतो. लाव्हा हजार-अकराशे अंश तापमानाचा असतो. त्याच्या वाटेत आलेलं जनावर पुरलं जात नाही, जळून जातं. म्हणून बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, डायनोसॉर शोधणं व्यर्थ आहे, मग त्या कातळाचं वय काहीही असो.

दोन थरांच्या मधल्या काळात काही सापडेल का, हा पुढचा प्रश्न मुलगा विचारेलच. विचारावाच. दोन उद्रेकांत खंड पडला की आधीच्या थरावर माती तयार होते, तळी साचतात, झाडंझुडपं उगवतात, आणि पुढचा लाव्हा ते सगळं झाकून टाकतो. नागपूरजवळची टाकळी, छिंदवाड्यातलं मोहगाव कलान, मुंबईतला मलबार हिल ते वरळीचा पट्टा, इथे असे मधले गाळाचे थर आहेत आणि त्यांत जीवाश्म भरपूर आहेत. मुंबईच्या थरातले चिमुकले बेडूक इंग्रज जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच जगापुढे आणले होते. (ते डायनोसॉर संपल्यानंतरचे आहेत, पण मुंबईच्या इमारतींखाली बेडकांचं तळं आहे हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल!) ही बहुतेक ठिकाणं दख्खन कातळाच्या कडेकडेला आहेत. आपल्याकडे, सह्याद्रीच्या मुख्य राशीत, थर इतके भराभर साचले की तळ्यांना उसंत मिळाली नाही. आपल्या वाट्याला आले ते फक्त तांबडे पट्टे. कात्रज किंवा दिवे घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाची एक रेघ दिसते, ती हीच. त्याला आम्ही ‘लाल बोल’ म्हणतो: जुनी माती, काही ठिकाणी ज्वालामुखीची राख, वरच्या लाव्ह्याने भाजलेली. त्यात हाडं टिकावीत अशी परिस्थितीच नव्हती.

बरं, सगळ्यात तळाशी, पहिल्या लाव्ह्याखाली? तिथे तरी डायनोसॉरची जमीन असेलच ना? जमीन आहे, पण गाळ असेलच असं नाही. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विवर घेतलं, तेव्हा साधारण ९३३ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइसचा प्राचीन खडक. मध्ये गाळाचा थर नाहीच. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विवरात ३३८ मीटर बेसाल्टखाली जेमतेम ८ मीटर गाळ मिळाला. म्हणजे लाव्हा आला तेव्हा महाराष्ट्रभर गाळाची सलग चादर अंथरलेली नव्हती. कुठे सखल खोरी होती तिथे गाळ, बाकी उघडा खडक.

आता तुमच्या हातातला दगड. बेसाल्टला थंड होताना भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा हळूहळू गोळा होतो. त्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात. मुरमाच्या कुठल्याही खाणीत, टेकडी फोडून केलेल्या कुठल्याही रस्त्याच्या कडेला असे गोळे ओळीने बसलेले दिसतील. पुण्यातून ‘अंडं सापडलं’ म्हणून जे दाखवायला आणतात, त्यातले बहुतेक हेच.

उरलेल्यांत गारगोट्या असतात. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे राहतात आणि नंतर त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ जमतं. आजूबाजूचा कातळ झिजला की आतला टणक गोळा अख्खा सुटून येतो. फोडला तर आत स्फटिक निघतात. रस्त्याकडेला खनिजं विकणारे काही जण अशा गोळ्याला ‘डायनासोरचा अंडा’ म्हणून चांगली किंमत लावतात. घेऊ नका. घ्यायचंच तर गारगोटी म्हणून घ्या, त्या नात्याने ती कमी प्रतीची नाही. वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेला असतो. जगात हे खनिज इतकं सुंदर दुसरीकडे मिळत नाही, हे पुण्याचं खरं वैभव.

आणखी तीन गोष्टी वारंवार माझ्याकडे येतात. दगडाच्या भेगेत काळ्या, फांद्या फुटलेल्या नक्षीला लोक नेचाचा जीवाश्म समजतात. ती मँगनीजची खनिजं आहेत, पाण्यासोबत भेगेत पसरलेली. जुन्नर-नारायणगावच्या बाजूला काही थरांत फेल्डस्पार या खनिजाचे बोटाएवढे लांब पांढरट स्फटिक भरलेले आहेत, त्यांना हाडांचे तुकडे ठरवलं जातं. आणि निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघून ‘ही पावलं का?’ असं विचारणारे दरवर्षी भेटतात. ते खळगे भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी कोरलेत.

घरी पडताळा घ्यायचा असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दगडाची फुटलेली कड बघा. डायनोसॉरच्या अंड्याचं कवच एकच असतं, साधारण एक ते तीन मिलिमीटर जाड, सगळीकडे जवळपास सारख्याच जाडीचं. बाहेरून बारीक पुळ्या असतात. आत कॅल्साइटचे उभे स्तंभ एकमेकांना चिकटून असतात आणि त्यांतून हवेची सूक्ष्म छिद्रं जातात. पक्कं ठरवायचं तर दगडाची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, त्याशिवाय कुठलाही जाणकार सही करणार नाही. तुमच्या दगडाला मात्र एकाखाली एक अनेक पापुद्रे असतील, कुठे जाड, कुठे पातळ, आणि आत काळा कठीण गाभा. आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का बघायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण इथे ती फारशी उपयोगाची नाही. कॅल्साइटची साधी गारगोटीही फसफसते. आकारावर तर अजिबात जाऊ नका. निसर्गात गोल वस्तूंचा तोटा नाही.

आता जिथे खरोखर आहेत तिथे जाऊ. दख्खन कातळाच्या पूर्व आणि उत्तर कडेला, जिथे वरचा बेसाल्ट झिजून गेलाय, तिथे त्याच्या पोटाखालून गाळाचे थर डोकं वर काढतात. यांना लमेटा शैलसमूह (एकाच काळातल्या थरांचा गट) म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. त्याच स्लीमनला १८२८ मध्ये जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर दगड झालेली हाडं मिळाली. ‘डायनोसॉर’ हा शब्दच तोवर जन्मला नव्हता, तो १८४२ चा. पुढे १८७७ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ लायडेकर यांनी त्या हाडांना टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. ते नाव आता शास्त्रीयदृष्ट्या डळमळीत मानतात, कारण ज्या मणक्यांवर ते ठरवलं त्यांत स्वतःची वेगळी ओळख पटावी असं काही नाही. पण ‘टायटॅनोसॉर’ म्हणून जो लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांचा जगभर पसरलेला गट ओळखला जातो, त्याचं नाव या जबलपूरच्या हाडांवरून आलंय.

लमेटा जाड नाही. बहुतेक ठिकाणी काही मीटर ते काही दशमीटर. हिरवट वालुकाश्म, तांबडी-हिरवी चिकणमाती, वाळूमिश्रित चुनखडक. तो चुनखडक बराचसा जमिनीत तयार झालेला आहे: कोरड्या हवेत, पावसाळ्यानंतर पाणी वर ओढलं जाऊन मातीत चुन्याचे गोटे आणि पापुद्रे बसतात, तसा. आपल्या काळ्या रानात चुनखड निघते तिचाच हा आजोबा. जबलपूरचे काही थर समुद्रकाठचे होते असं मानणारेही अभ्यासक होऊन गेले, तो वाद जुना आहे. मी स्वतः नदी, माती आणि तळी या बाजूची. ठरावीक ऋतूत वाहणाऱ्या नद्या, उथळ तळी, मधे कोरडं माळरान, असं चित्र खडकातून दिसतं.

महाराष्ट्रातला लमेटा विदर्भात आहे. वरोऱ्याच्या आसपास, चंद्रपूर जिल्ह्यात, पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावं आमच्या विषयात जगप्रसिद्ध आहेत. स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या मिशनऱ्याने, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही तिथे आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पिसदुऱ्याहून जीवाश्म गोळा केले. आज तिथे गेलात तर भव्य असं काहीही दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. शेतं आहेत. नांगरटीत तांबूस माती वर येते आणि तिच्यासोबत हाडांचे तुकडे, कासवाच्या कवचाचे तुकडे, गोगलगायी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे शेणाचे दगड.

हसू नका. या शेण-जीवाश्मांवर भूशास्त्रज्ञ मॅटली यांनी १९३९ मध्ये स्वतंत्र लेखन केलं आणि २००५ मध्ये तर या दगडांनी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दुरुस्ती करायला लावली. गवताच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण तयार होतात आणि प्रत्येक कुळाचे कण वेगळ्या घडणीचे असतात. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना असे कण सापडले. तोवर सर्वसाधारण समज असा की गवत पसरलं ते डायनोसॉर गेल्यावर. इथे तर डायनोसॉरच्या पोटातून गेलेलं गवत समोर आलं, तेही एकाच नाही तर अनेक प्रकारचं, ज्यांत भाताच्या जवळचं कूळही होतं. त्या शेणात ताडवर्गीय आणि सूचिपर्णी झाडांचेही अंश आहेत, म्हणजे जनावर मिळेल ते खात होतं. मला हाडापेक्षा हे दगड जास्त मोलाचे वाटतात. हाड जनावर कोण होतं ते सांगतं, शेण भोवताली काय उगवत होतं तेही सांगून जातं. पिसदुऱ्यातूनच २०११ मध्ये एका मोठ्या सापाचं वर्णन झालं, मॅड्सोइया पिसदुरेन्सिस. गावाचं नाव शास्त्रात गेलं ते असं.

डोंगरगावला मिळाला तो इसिसॉरस, टायटॅनोसॉर गटातलाच एक. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी १९८०च्या दशकात तो खोदून काढला, १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटलं आणि २००३ मध्ये त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून स्वतंत्र नाव मिळालं. मान, पाठ, कंबर, बरगड्या, खांदा, पुढचा पाय इतकं सलग सापडलं. डोकं नाही, मागचे पाय नाहीत. तरीही भारतातल्या टायटॅनोसॉरांत एकाच प्राण्याचा इतका भाग क्वचितच मिळालाय. पुढचे पाय मजबूत आणि लांब, त्यामुळे उभा राहिला की पुढून उंच दिसत असणार.

अंड्यांसाठी मात्र विदर्भापेक्षा गुजरात आणि मध्य प्रदेश उजवे. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले धनंजय मोहबे यांनी १९८०च्या दशकात गुजरातच्या खेडा भागातली अंडी आणि घरटी उजेडात आणली. तिथल्याच धोली डुंगरीच्या एका दगडात अंडी आणि नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू आहे असं वाटत होतं. कित्येक वर्षांनी अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांच्यासोबत पुन्हा बघताना लक्षात आलं की त्यातले काही मणके पिल्लाचे नाहीत, सापाचे आहेत. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. ओल्या गाळाचा लोंढा अचानक वरून आला आणि शिकार जागच्या जागी थांबली. २०१० मध्ये त्या सापाचं नाव सनाजे इंडिकस ठेवलं. हे कातळात कधीच घडलं नसतं, त्यासाठी गाळच लागतो.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची आहेत. घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की मोठं जनावर त्यांमधून फिरू शकलं नसतं. अंडी घालून, पुरून, ही मंडळी निघून जात असावीत. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात गोल दगड पिढ्यान् पिढ्या कुलदैवत म्हणून पूजले जात होते, ते अंड्यांचे जीवाश्म निघाले ही बातमीही त्याच वर्षीची.

त्याहून खूप जुने डायनोसॉर हवे असतील तर गडचिरोलीत सिरोंचाला जा. तिथला कोटा शैलसमूह ज्युरासिक, लमेटाहून सुमारे ११ कोटी वर्षांनी मोठा. प्राणहिता-गोदावरीच्या त्याच पट्ट्यात तेलंगणाच्या बाजूला बारापासॉरस टागोराय हा लांब मानेचा शाकाहारी डायनोसॉर मिळाला. सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडं बघायला मिळतात. पुण्याहून प्रवास लांबचा आहे, ताडोबाला जाणार असाल तर दोन दिवस वाढवून घ्या.

मुलाला एकच जागा दाखवायची असेल तर माझं मत गुजरातेतल्या बालासिनोरजवळच्या रैयोलीला. राजासॉरस हा मांसाहारी डायनोसॉर तिथलाच. शेजारी २०१९ पासून संग्रहालय आहे आणि नवख्या डोळ्यालाही जमिनीत अंडी ओळखू येतात. पिसदुरा हे जाणकारासोबत बघण्याचं ठिकाण आहे. एकटे गेलात तर मातीची ढेकळं बघून परत याल. हंगामही बघा: पहिल्या पावसाने जमीन धुऊन तुकडे वर येतात, पण तेव्हा पेरणीची घाई असते आणि शेतकऱ्याला बांधावर पाहुणे नको असतात. खरीप निघाल्यानंतरचा हिवाळा दोघांनाही सोयीचा. शेतमालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

आणि उचलायचं नाही, खणायचं तर नाहीच. थरातून सुटलेल्या हाडाची अर्धी किंमत गेलेली असते, कारण ते कुठल्या थरात, कुठल्या दिशेने, कशाच्या शेजारी पडलं होतं ही माहिती परत मिळत नाही. काही वेगळं दिसलं तर शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, मोबाइलवर ठिकाणाची नोंद घ्या आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.

पुण्यात राहून जीवाश्म बघायचेच असतील तर डायनोसॉरचा नाद सोडून नद्यांकडे वळा. गोदावरी, प्रवरा यांच्या काठच्या जुन्या गाळात हिमयुगातल्या हत्तींची आणि रानबैलांची हाडं मिळतात. त्यांचा मोठा अभ्यास येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात झालाय. आगरकर संशोधन संस्थेत जीवाश्मशास्त्राचा जुना विभाग आहे. शाळेमार्फत रीतसर पत्र देऊन दोन्हीकडे विचारा. जाताना तो टेकडीवरचा दगड न्यायला हरकत नाही, फक्त आधी घरीच हातोडीने फोडून घ्या, डोळ्यांवर चष्मा लावून. आतला काळा गाभा मुलाने स्वतः बघितलेला बरा.